वाचन

पुनाबाई नन्नावरे. शेळीनं हिसका दिला,
दोर मनगटाला गुंडाळलेला,
पुढे मोहाचं उघडं पडलेलं मूळ.
खुब्याचं हाड, डावीकडच्या तीन बरगड्या.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणसावर घालून आणली.
ओच्यातली मोहफुलं गेडाम सिस्टरनं
सलाईनच्या रिकाम्या खोक्यात काढून ठेवली.
दुपारपर्यंत वॉर्डभर तोच वास.

नातू प्रफुल दाराशी. एकच विचारतो:
"वाचन का जी म्हातारी?"

इकडे वाचेल म्हणत नाहीत, वाचन म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटायचं,
हातातला कागद वाचून दाखवा म्हणताहेत.
मी दाखवायचेही.

कागद आहे. झेरॉक्सची झेरॉक्स.
वय जसंच्या तसं मांडा.
दुखापतीचा आकडा अडीचपट करा.
रक्त चढवलं तर बावीस मिळवा.
बेरजेवर बोट ठेवून खाली या.

आधारवर जन्म एक जानेवारी एकतीस.
एक जानेवारीला इथं अर्धं गाव जन्मलंय.
शिबिरात कुणीतरी तोंडाकडे बघून साल टाकलं.
मी तिच्या कानाशी ओरडते, माय, वय किती?
"मले का मालूम बापा.
बोडी फुटली तवा मी शेळ्या राखत होतो."
कोणती बोडी?
"आता कोठी हाये ते."

त्र्याण्णव धरले तर शंभरातल्या तेहतीस जातात.
त्र्याऐंशी धरले तर चोवीस.
पेनाच्या एका फटकाऱ्यात
नऊ म्हाताऱ्या खाटांवरून उठतात,
लुगडं सावरतात,
बसस्टँडकडे चालायला लागतात.
पुनाबाई त्यांच्यात आहे का, कागद सांगत नाही.
कागदाला शंभर जणी लागतात.
माझ्याकडे एक खाट.

प्रफुलला म्हणते, तेहतीस.
त्याचा चेहरा पडतो. "पस्तीसले पास ना जी?
दोन मार्कानं गेली."
नाही रे, उलटं. हे मरणाचे मार्क.
कमी पडले तेवढे बरे.
तो मान हलवतो, पटल्यासारखी नाही.

नागपूर एकशे तीस किलोमीटर.
नेली तर रस्त्यात, नाही नेली तर इथं.
हे वाक्य मी कुणाजवळ पुरं करत नाही.
एकशे आठला फोन लावते.

अकराव्या दिवशी परत आली,
खुब्यात सळई, तोंडात तीच शेळी.
टाके बघत होते तर म्हणाली,
"तुयं वय किती वो?"
बेचाळीस.
"मंग तू वाचशीन,"
आणि भिंतीकडे तोंड केलं.

आज सतरावा दिवस. दुपारपासून ताप.
कागदावर तापाला रकाना नाही.
तिसाव्या दिवशी जिवंत की मृत,
एकावर खूण करायची आहे.
पेन खिशात आहे.

शेळी प्रफुलनं कंपाउंडच्या आत आणून बांधली,
खिडकीतून दिसेल अशी.
सिस्टर ओरडली. मग तिनंच पाणी ठेवलं.