कधी लागायलाय ते सांगा

सेलूहून निघताना नसतो.
वालूरच्या रस्त्याला कुठंतरी लागतो,
पिवळा, इंजिनच्या आकाराचा,
आणि शाळेच्या फाटकात गाडी लावेपर्यंत
गेलेला.

तीनदा दाखवली.
तय्यब मिस्त्रीच्या दारात हा दिवा
माझा चौथीचा वर्ग होतो,
तपासणीच्या दिवशीचा:
हाताची घडी, तोंडावर बोट.

"असं नाही सापडत सर," तय्यब म्हणाला,
"कधी लागायलाय ते सांगा.
गाडी थंड असताना का तापल्यावर?
एकटे असता का मागं कुणी?"

आठवडाभर खडूच्या खोक्यावर लिहीत गेलो.
सोमवारी पुलाच्या अलीकडं. मंगळवारी नाही.
बुधवारी जिनिंगपाशी, कापसाची गाडी चुकवताना.
शुक्रवारी दोनदा.

त्यानं खोकं वाचलं. बुधवारपाशी थांबला.
गाडी चालू करून हँडल सावकाश
डावीकडं नेलं. काही नाही.
उजवीकडं, पार शेवटपर्यंत,
लागला!

टाकी उतरवली. मानेजवळ
वायरींचा जुडगा, त्यातली एक
फ्रेमला घासून घासून सोललेली,
तांबं उघडं, बाजरीच्या दाण्याएवढं.
"एवढंच?"
"एवढंच. वळलं की टेकायली."

काळ्या टेपचे चार वेढे.
मी साठ दिले, त्यानं वीस परत केले.
खोकं मात्र ठेवून घेतलं, स्क्रू ठेवायला.

आता दिवा लागत नाही.
वालूरच्या रस्त्याला, उजव्या वळणावर
नजर तरी खाली जातेच.
परवा त्या नादात
समोरची म्हैस
फार उशिरा दिसली.