शेऱ्याचा रकाना

साठ वर्षं झाली म्हणून पत्रक काढायचंय.
"एका पानात इतिहास," म्हणाल्या प्राचार्या,
"दुसऱ्या पानावर अभ्यासक्रम, फोटोसकट."
एकतीस वर्षं या दप्तराची किल्ली माझ्या कमरेला आहे.
पानाचं माप मला जमत नाही.

सुरुवात एवढीच:
नदीकाठचा बंद पडलेला बिअरचा कारखाना,
वर्षाला एक डॉलर भाडं, छत आपलं आपण बघायचं.
पहिल्या संध्याकाळी अकरा जण आले,
नऊ वेल्डिंगला, दोघी हिशेबाला.
हिवाळ्यात भिंती तापल्या की
विटांमधून जुन्या माल्टचा वास सुटायचा,
आणि मिस ऑगस्टा व्हीलॉक, दारूच्या कट्टर शत्रू,
नाकाला रुमाल लावून जमा-नावे शिकवायच्या.

मग करासाठी मतदान झालं: कॉलेज राहावं की जावं.
एकेचाळीस मतांनी राहिलं.
आजही गावात शंभरेक माणसं शपथेवर सांगतात,
त्या एकेचाळिसांत मी होतो.

अभ्यासक्रम येतात, जातात.
घड्याळदुरुस्ती गेली. लघुलिपी गेली.
मिंक पाळायचा डिप्लोमा होता, चारच वर्षं;
त्यातला एक पिंजरा माझ्या टेबलाखाली आहे,
हरवलेले हातमोजे ठेवायला.
नर्सिंग आलं, सोबत रबरी रोगी आला,
मुलींनी त्याचं नाव ठेवलं मिस्टर क्वाम.
त्याची नाडी आजवर कुणाला लागलेली नाही,
तरी दरवर्षी पहिल्या आठवड्यात
त्याच्या उशाशी कुणीतरी रडतंच.

पेपर मिल बंद झाली, त्या सोमवारी
दारापासून पुलापर्यंत रांग होती.
पन्नाशीचे पुरुष, टोप्या हातात धरून,
जणू कुणाच्या दफनाला आलेत.
अपूर्णांक आठवत नाहीत, म्हणाले.
एकानं हळूच विचारलं,
नापास झालो तर फी परत मिळते का?
त्याच रांगेत येर वांग होती,
पाठीवर भरतकामाच्या झोळीत बाळ,
इंग्रजी, भाग पहिला, संध्याकाळचा वर्ग.
ते बाळ आता एकशे चौदा नंबरच्या खोलीत
रक्त काढायला शिकवतं.
आईचा भाग तिसरा अजून बाकी आहे.

पण मला विचाराल तर इतिहास
नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात आहे. शेरा.
नियमाप्रमाणे "सोडले" एवढंच लिहायचं असतं.
मी कारण विचारते, आणि लिहून ठेवते.

आर्विड टॉर्गरसन, बीजगणित, भाग पहिला.
सोडले. रात्रपाळी लागली.
सोडले. बायकोचं ऑपरेशन.
सोडले. हरणांच्या शिकारीचा मोसम
(हे त्यानं खाली मान घालून सांगितलं).
सोडले. ट्रकचं इंजिन.
सोडले. बायको.
सहाव्यांदा तो काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.
सातव्यांदा पास झाला. काठावर.

प्रमाणपत्र टपालानं दोनदा परत आलं.
मग एकदा तो स्वतःच आला, बुटांवर बर्फ घेऊन.
मी ड्रॉवर उघडला, तर म्हणाला,
"राहू दे इथंच. घरी छत गळतं."
आणि ओलसर नोटा काउंटरवर सरळ करत विचारलं,
"कुंभारकाम कुठल्या वारी असतं?"

हे पत्रकात बसणार नाही.
प्राचार्यांना आकडा हवाय:
आले किती, पूर्ण करून गेले किती, टक्के किती.
मी काढून दिलाय. आकडा खरा आहे, आणि लहान आहे.

कुंभारकाम गुरुवारी असतं, साडेसहाला,
कारखान्याच्या जुन्या भट्टीखोलीत.
दोन गुरुवार तो आलेला नाही.
मिंकच्या पिंजऱ्यात त्याचा एक हातमोजा आहे,
डावा, मातीनं ताठ झालेला.
शेऱ्याचा रकाना मी अजून भरला नाही.