गुरुवार, साडेतीन, भूगोलाची लॅब

पहिला नियम सलगर मॅडमनी फळ्यावर लिहिला:
आडनाव दाराबाहेर ठेवायचं.
चपलांसारखं, कुणीतरी हळूच म्हणालं
आणि आम्ही हसलो,
दोन क्रेडिटसाठी माणूस कशालाही हसतो.

सतरा खुर्च्या गोल, मधे आस मोडलेला पृथ्वीगोल.
ज्याच्या हातात डस्टर त्याने बोलायचं,
बाकीच्यांनी ऐकायचं.
पहिले दोन गुरुवार
आवडती भाजी, आवडता खेळाडू सांगत
खडूची पूड मांडीवर घेत बसलो.

तिसऱ्या गुरुवारी डस्टर तथागतकडे गेलं.
मॅडम, नियम चांगला आहे, तो म्हणाला,
पण माझं पहिलं नावच आत आलंय माझ्याबरोबर.
अफशीन म्हणाली, माझंही.
डस्टर तिच्या हातात नव्हतं. कुणी टोकलं नाही.
मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

मैथिलीचे वडील रामकुंडावर विधी सांगतात.
आमच्याकडे वह्या आहेत, ती म्हणाली, लांबट, लाल कापडात.
गाव, आडनाव, पणजोबा, त्यांचे पणजोबा,
कोण कधी आलं, कुणाचे दिवस केले.
पेठची जयवंती, जी तोवर
मेथीच्या भाजीपलीकडे काही बोलली नव्हती,
म्हणाली, आमचं बघशील?

पुढच्या गुरुवारी मैथिली उशिरा आली.
तीन रात्री बघितलं. नाही सापडलं.
बाबा म्हणाले, तिथे शोधतेस कशाला.
हे शेवटचं तिने सांगितलं नसतं तरी चाललं असतं.
सांगितलं.

जयवंती उठली, भिंतीवरच्या नकाशापाशी गेली.
समोच्च रेषांवरून बोट फिरवत एका जागी थांबली:
इथे पाणी फुटतं.
या अंगाचं तुमच्या गोदावरीत,
आमच्या अंगाचं दमणगंगेत, पार गुजरातला.
आमची माणसं तुमच्या नदीवर आलीच नसतील,
मग वहीत कशी येतील?

ही माफी होती की नव्हती, कळेना.

आमची आली होती, तथागत म्हणाला,
देवळाच्या दारापर्यंत. झुंडीने.
त्याची नोंद दुसरीकडे आहे.
मैथिलीने मान हलवली. होकाराची नव्हे, नकाराचीही नव्हे,
ऐकल्याची.
सातपूरचा रामसजीवन मधेच म्हणाला,
पण पाऊस तर वरून एकच पडतो ना?
तू भूगोल नको शिकवू, तथागत म्हणाला,
आणि यावेळी आम्ही खरंच हसलो.

मग डस्टर माझ्याकडे.

माझं आडनाव पवार. नियम मोडला, हरकत नाही.
पवार सगळ्यांत असतात,
म्हणून लहानपणापासून पुढचा प्रश्न ठरलेला: कुठले पवार?
उत्तर वडिलांनी पाढ्यांसारखं घोटून घेतलेलं: बागलाणातले.
समोरच्याने जात विचारायची,
आपण तालुका सांगायचा.
बारावीपर्यंत हे इतकं सफाईने जमायला लागलं
की मलाच वाटायचं, मी तालुक्याचीच आहे.

किती वेळ धरून बसले होते ते डस्टर!
पोर्चमध्ये कुणाची तरी गाडी किकवर किक खात होती.
अफशीनने पाण्याची बाटली पुढे केली, बघितलं नाही माझ्याकडे.

मी काय सांगितलं, ते त्या सोळा जणांना आणि मॅडमना माहीत आहे.

सुटल्यावर दाराशी वाकलो सगळे.
फरशी पुसलेली, म्हणून त्या दिवशी खरोखरच चपला बाहेर होत्या.
अंधारात जो तो आपापली
बरोबर ओळखून घालत होता.

तुमच्याही ओठांवर आलं असेल एव्हाना,
कुठले पवार?

बागलाणातले.
डाळिंबं फार चांगली होतात आमच्याकडे.