मार्करची सही

डिसेंबरातला रविवार. विश्वामित्रीवरून आलेलं धुकं
पहिल्या टीवर ठाण मांडून बसलेलं,
पेन्शनच्या रांगेतल्या माणसासारखं.
स्टार्टरनं नावं पुकारली:
अमीन, किरीटभाई. हॅन्डिकॅप सतरा.
फणसे, मुकुंद. हॅन्डिकॅप चोवीस.
आणि पहिला फटका मारण्याआधी कार्डांची अदलाबदल.
माझा हिशेब त्यांच्या खिशात, त्यांचा माझ्या.

कुणी काढली असेल ही रीत?
प्रतापनगरच्या यार्डात तीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या सह्यांवर मालगाड्या सोडल्या,
पण तिथं वरती कुणीतरी असायचं.
इथं पंच नाही, शिट्टी नाही.
चार टिटव्या आहेत,
त्या सगळ्यांवर सारख्याच ओरडतात.

नियम मी वहीत उतरवून पाठ केलेले.
भोकापासून जो लांब, त्याची पाळी आधी.
दुसरा मारत असेल तर
खिशातली नाणीसुद्धा वाजता कामा नयेत.
चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटं
(चष्म्याला मी याहून जास्त घेतो).
उखडलेलं ढेकूळ जिथलं तिथं, बुटानं दाबून.
चेंडूवर आपली खूण हवी;
माझ्यावर सूनबाईच्या नेलपॉलिशचा ठिपका.

वहीत नव्हतं ते कॅडीनं शिकवलं, जयंती वसावानं,
दुसऱ्या ग्रीनवर, ओठ न हलवता:
"साहेब, पडछायो."
माझी सावली, फिकट, धुक्यातून नुकतीच उमटलेली,
किरीटभाईंच्या चेंडूच्या वाटेवर आडवी पडली होती.
चौसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं
की सावलीही आवरून उभं राहायचं असतं.

चौथ्यावर माझा चेंडू उंच गवतात गेला.
"पाच," मी पुढं सांगितलं.
"हं," किरीटभाई म्हणाले.

अकराव्यावर ते बंकरात उतरले.
काठाआडून त्यांची फक्त टोपी दिसत होती.
रेती उडाली. चेंडू बाहेर आला.
मग पुन्हा रेती उडाली.
वर येऊन म्हणाले, "पाच."
माझी पेन्सिल चौकटीवर थांबली.
पाच लिहिलं, पण इतकं पुसट
की हवं तर सहा करता यावं.
पुढचे सात होल मी त्यांच्याशी
जरा जास्तच गोड बोललो.

शेवटी टेबल, चहा, सेव-उसळीचा वास.
सही करण्याआधी विचारावं, असं वही सांगते.
कसं विचारावं, ते सांगत नाही.
"किरीटभाई, अकराव्याला… रेती दोनदा उडाली का?"
ते हसले नाहीत, चिडले नाहीत.
"दुसऱ्यांदा दाताळं फिरवत होतो.
मागून येणाऱ्याला माझी पावलं कशाला?"

मी पाच गडद केला.
कान तापले होते; चहाला नाव ठेवलं.

मग त्यांनी माझं कार्ड माझ्यापुढं सरकवलं.
सतरा आकडे. चौथी चौकट कोरी.
"मी लांब होतो," ते म्हणाले,
"चेंडू तुम्हालाच दिसला असेल."

दिसला होता.
सरावाचा हात फिरवताना गवत हललं,
नेलपॉलिशचा ठिपका अंगठाभर खाली गेला,
आणि मी स्वतःला सांगितलं, वारा.
कसला वारा?
धुकं तर जागचं हललं नव्हतं.
हलवला तर एक.
परत जागेवर न ठेवता मारला तर दोन.
चौदा होल तो ठिपका
मी बरोबर घेऊन हिंडत होतो,
आणि हा माणूस रिकामी चौकट.

"सात," मी म्हणालो.
त्यांनी सात लिहिला, कार्ड फिरवलं,
मी माझी सही केली, त्यांनी त्यांची.
टोप्या काढून हात मिळवले; ती रीतच आहे.
अडतीस जणांत माझा नंबर एकतिसावा.

घरी सूनबाईनं विचारलं, "जिंकलात का?"
म्हटलं, सेव-उसळ आणलीय,
गरम आहे तोवर घ्या.