हिरवी पट्टी

सोहार. रात्रीचा एक वाजून दहा.
बाहेर अजून छत्तीस अंश,
आत एसीनं सगळे आखडलेले.
माझ्यासमोर पाच रंगांच्या पट्ट्या
आणि चाळीस खुर्च्या. भरलेल्या.

कुणी विचारतं, कम बाकी?
कुणी विचारतं, सिस्टर, कितना टाइम?
उत्तर एकच, आणि ते तोंडावर द्यायचं नसतं:
तुम्हाला थांबवलंय, म्हणजे
आत्ता तरी तुम्ही मरत नाही.
खरं तर पेढे वाटावेत अशी बातमी.
पण ठणकत्या दाढेला ती सांगायची कशी?

हनीफ परकार, सावर्डे.
वय चव्वेचाळीस, काम डक्टिंगचं.
डाव्या कानात कापूस,
कापसाला खोबरेलाचा वास.
ताप नाही, बीपी बरं.
दुखणं दहापैकी किती?
"नऊ," म्हणाले.
मग माझ्या बॅजवरचं 'धुरी' वाचून
"आठ. आपल्या माणसाला कशाला खोटं सांगू."
मनगटाला हिरवी पट्टी बांधली.

दोनच्या सुमारास परातीवरून पडलेला कोमिल्ल्याचा पोरगा आला. लाल.
मग श्वास न पुरणारी एक म्हातारी,
तिच्यामागे अख्खं घर, काहव्याच्या थर्माससकट.
मग सातव्या महिन्यातली बाई,
आणि पांढऱ्याशुभ्र डिशडाशावर
तिच्या रक्ताचा डाग घेऊन नवरा.
दर वेळी दार उघडलं
की हनीफभाई अर्धे उठत
आणि बसत.

तीन वाजता काउंटरपाशी आले.
उजवा कान पुढे करून, हळूच,
"ताई, आपल्याकडच्या ना तुम्ही?"
मागायचं होतं ते त्यांनी मागितलं नाही.
नाकारायचं होतं ते मीही बोलले नाही.
पट्टीचा रंग मात्र दोघांनी एकदम पाहिला.

म्हटलं, कानासाठी इथे कशाला ताटकळता?
राउंडअबाउटपलीकडे पॉलिक्लिनिक आहे,
पाच-सहा रियालांत कान बघून थेंब देतील.
तोवर फार्मसीतून दुखण्याची गोळी घ्या,
आणि ते तेल आधी बंद करा.
"क्लिनिक उघडतं तेव्हा मी ड्युटीवर," म्हणाले,
"मी सुटतो तेव्हा त्याचं शटर खाली.
आमच्या घड्याळाला उघडं असतं
ते तुमचं हे एकच दार."
मग जरा थांबून,
"पण आज सुट्टी आहे. किती वाजता उघडतं?"
"आठ," मी म्हणाले. ठामपणे.
अख्ख्या रात्रीत कुणाला तरी
नेमकी वेळ सांगता आली
याचंच मला बरं वाटलं.

चार पंचवीसला त्यांचा नंबर लागला.
तीनदा पुकारला.
स्पीकरवर परकारचं बरकार झालं,
तिसऱ्यांदा तर कुणाचंच नाव राहिलं नाही.
रकान्यात भरलं: न तपासता गेले.
या महिन्यातले एकशे बारावे.

सात पन्नास. हॉस्पिटलची बस राउंडअबाउटला वळली
आणि शटर दिसलं, जमिनीपर्यंत ओढलेलं.
शुक्रवार.
अकरा वर्षं काढली या देशात,
तरी माझा शुक्रवार अजून कुडाळचाच,
सकाळी आठला उघडणारा.
दारावरचा कागद अरबीत:
शुक्रवारी दुपारी चार ते रात्री दहा.

आणि पायरीवर हनीफभाई,
डावा कान तळहातावर तोलून,
मनगटाला अजून हिरवी पट्टी.
मी बस थांबवली, ड्रायव्हर कुरकुरला.
मला काय बोलावं ते सुचेपर्यंत
त्यांनीच सरकून सावलीत जागा केली,
म्हणाले,
"बसा ताई.
इथे मात्र माझा पहिला नंबर."