दोन्ही बाजूंनी सुरू होणारी वही

मिल्काबाई झिराडकरांनी रिक्षातून आणली,
खताच्या पिशवीत, वर टॉवेल.
"पुरात भिजली. मग तारेवर वाळवली पोलक्यांशेजारी."
चिमट्यांच्या गंजाच्या खुणा अजून आहेत.

मी फॉर्म भरायला घेतला.
भाषा : मराठी.
लिपी : इथे अडलो. मोडी, बाळबोध, हिब्रू.
रकाना एका शब्दापुरताच.

सवयीने डावीकडून पानांना आकडे टाकत गेलो,
पेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक.
सदतिसाव्या पानानंतर अक्षरं उलटी झाली.
त्या हसल्या. "ती तिकडनंही सुरू होते."
इकडून वडिलांच्या नोंदी, तिकडून प्रार्थना,
मध्ये चार पानं कोरी,
अरुंद बोळात दोघांनी अंग चोरून
एकमेकांना वाट द्यावी तशी.

रहमीम झिराडकर, पार्सल क्लार्क, मिरज जंक्शन.
"मिरजेत आमची मशीद नव्हती."
मी वर पाहिलं.
"सिनेगॉग हो. आम्ही मशीदच म्हणायचो."
म्हणून क्वार्टरची पुढची खोली. सतरंजी. तेलाचा दिवा.
आणि पुरुष दहा लागतात,
त्याशिवाय काही प्रार्थना उघडतच नाहीत.

सणाला हात लेखणीला लावायचा नाही,
तारे दिसल्यावर ते लिहीत :

*दरफळणीचा सण. कोल्हापूरहून हसाजी व दोन मुलगे.
कऱ्हाडहून इलोजी भोनकर, आदल्या दिवशीच. छत्री विसरले.
एकूण दहा.*

*इलोजी पावले नाहीत. ताकारीजवळ इंजिन बंद.
नऊ.
थांबलो.
नऊच.*

*हसाजी सहकुटुंब आगबोटीने गेले. सहा.*

पुढे आकडे लहान होत जातात, अक्षर मोठं.
शेवटची नोंद दोन शब्दांची : *दिवा लावला.*

पानांचे आकडे चुकले होते. खोडरबर घेऊन बसलो.
एकेक कोपरा, फुंकर, पुढचा कोपरा.
त्या नऊच्या पानावर
रबर टेकला आणि थांबलो.
ही पेन्सिल माझी नव्हती.
जाड, थुंकी लावून ओढलेली, पोराच्या हातची :
*१० मी*

मिल्काबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
"अकरा वर्षांची होते. दारात उभी.
आई आत, आत्या आत.
घरात बारा माणसं होती त्या रात्री,
आणि बाबा गाडीची वाट बघत होते."

नंतर बराच वेळ पंखाच बोलत होता.

'इतर खुणा' या रकान्यात मी लिहिलं :
पृष्ठ एकोणीस, कोपऱ्यात पेन्सिल.
त्यांनी वाचून पाहिलं. "नाव घाला की."
घातलं.

जाताना प्रार्थनेची तीन सुटी पानं मागून घेतली.
पाण्याने पार लगदा झालेली.
"यावर देवाचं नाव आहे. ही ठेवायची नसतात, पुरायची असतात."
मी पावती फाडली :
परत दिली, पाने तीन.
सही करताना त्यांनी विचारलं,
"इथे पाणी कुठवर आलं होतं हो?"

मी भिंतीवरची रेघ दाखवली.
त्यांनी वहीचं कपाट पाहिलं,
मग रेघ,
आणि म्हणाल्या, "वरच्या फळीवर ठेवा."