प्रश्न उद्भवत नाही

खडकी बाजारात, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर
मेमाणेसाहेबांचं संपर्क कार्यालय होतं.
दोन बाकडी, एक माठ,
आणि माझा टाइपरायटर, ज्यावर ताऱ्याची कळ नव्हती.

तारांकित प्रश्न असला की
गुणिलेचं चिन्ह मारायचं, एक घर मागे यायचं,
त्यावरच अधिक मारायचं.
असे पाच वर्षांत मी तीनशे अकरा तारे केले.
तीनशे अकराच मतांनी ते निवडून आले होते.
हिशेब त्यांनीच मांडून दाखवला, आणि लाजले.

त्याआधी दारूगोळा कारखान्यात होते.
डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.
भरपाईचा अर्ज करताना कळलं
की नीट अर्ज लिहिता येणं ही काय चीज असते.
मग दुसऱ्यांचे लिहू लागले.
मग युनियन, मग संप, मग तिकीट,
जे खरं तर भलत्यालाच मिळणार होतं,
तो ऐनवेळी रुसला.
कुणी 'साहेब' म्हटलं
की हे मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून.
नागपूरला निघताना वहिनी चिवड्याचा डबा द्यायच्या.
डब्यावर अजून कारखान्यातला टोकन नंबर होता.

एक प्रश्न असा होता:

(१) खडकी येथील नाल्यावर पादचारी पूल नसल्याने
शाळकरी मुलांना जलवाहिनीवरून ये-जा करावी लागते,
हे खरे आहे काय?
(२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर आलं:
(१) हे अंशतः खरे आहे.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

"अंशतः म्हणजे किती हो, बाई?
मुलं खरी आणि पाइप खोटा?"
मी हसले नाही.
त्या मुलांत एक माझा होता, चौथीतला,
चपला हातात धरून तोल सावरत जायचा.
प्रश्न मीच घुसवला होता, सतराव्या नंबरला,
न सांगता. त्यांनी न वाचता सही केली,
असं आपलं मला वाटायचं.
दर अधिवेशनाला तोच प्रश्न, तेच अंशतः.
सहाव्या वेळी कंटाळून मी तो गाळला.
कागद चाळत म्हणाले,
"विनूचा राहिला."

पुढच्या निवडणुकीत पडले.
त्याच्या पुढच्या खेपेला अनामत गेली.
मग फेररचना झाली आणि मतदारसंघच उरला नाही;
दार तेच, उंबरा तोच,
समोरची गल्ली मात्र दुसऱ्या आमदाराची.
बसमध्ये माजी आमदाराचा पास दाखवत नसत.
कंडक्टरपुढे सुटे पैसे धरत म्हणायचे,
"तिकीट मिळतंय तोवर घ्यावं."

एकोणीस वर्षांनी पूल झाला.
कोनशिलेवर अठरा नावं. यांना निमंत्रण नव्हतं,
तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले,
तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले,
टाळ्या वाजवल्या, त्यांच्या त्या आठ बोटांच्या टाळ्या.
मांडव रिकामा झाल्यावर पुलाच्या मध्यावर गेले.
खाली पाइप होताच, बंद, गंजलेला.
बराच वेळ वाकून बघत राहिले.
रात्री मी विनायकला बंगळूरला फोन केला.
तो म्हणाला, "कुठला पूल, आई?"

आज सभागृहात शोकप्रस्ताव झाला.
चार ओळी. मितभाषी, मनमिळाऊ.
जन्मगाव चुकीचं. माझ्या हातून असं कधी गेलं नसतं.

मी शेवटचं पाहिलं तेव्हा हात छातीवर ठेवलेले.
मतदान होऊन तीन आठवडे झाले होते.
तर्जनी नाही म्हणून त्यांना शाई अनामिकेला लावत;
दर खेपेला केंद्रावर हात पसरून
त्या पोरांना नियम समजावून सांगायचे.
नखाच्या बुडाशी अजून होती ती,
थोडी वर सरकलेली.
सुनेनं ओल्या रुमालानं पुसायला घेतली.
म्हटलं, राहू दे गं,
निघत नाही ती.